तेल लावलं की कोंडा गप्प, आठवड्याने दुप्पट

आमच्या घरात हा प्रकार जवळजवळ चार वर्षं चालला. मुलीच्या डोक्यात कोंडा दिसला की सासूबाई म्हणायच्या, "अगं, टाळू कोरडी पडलीय पोरीची. तेल कमी पडतंय." मग शनिवारी रात्री घरचं माक्याचं तेल चोपडून घट्ट वेणी आणि रविवारी सकाळी शिकेकाईने न्हाणं. सोमवारी खांदे स्वच्छ. बुधवारपासून खाज, आणि शुक्रवारी गडद निळ्या गणवेशावर गिरणीत सांडतो तसा कोंडा. शनिवारी पुन्हा तेल, या वेळी दोन पळ्या जास्त.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी एवढं लक्षात घ्या, की तेल लावल्यावर कोंडा कमी होत नाही, तो दिसेनासा होतो. सुटलेले पापुद्रे तेलाने टाळूला चिकटून बसतात आणि न्हाताना काही वाहून जातात. दोन दिवस डोकं स्वच्छ वाटतं, म्हणून तेल लागू पडलं असं आपण धरतो. परत आला की तेल कमी पडलं असं धरतो. आम्ही दोन्ही धरलं होतं.

उपायाच्या मागे लागण्याआधी डोक्यातून पडतंय ते नेमकं काय आहे, हे बघा. दिवसाउजेडी काळा कपडा मांडीवर घ्या आणि बारीक दातांच्या फणीने डोकं विंचरा. केसालाच घट्ट धरून बसलेला, झटकला तरी न हलणारा, नखाने ओढावा लागणारा पांढरा कण म्हणजे कोंडा नव्हे, लीख. त्याला तेलही नको आणि कोंड्याचं औषधही नको, फणी आणि उवांचं औषध हवं. (इथेच सांगून टाकते: उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे. ती पूड न्हाताना डोळ्यात गेली तर बुबुळावर जखम होते, दोन-दोन दिवस डोळा उघडत नाही. लावू नका.) तपकिरी, खरखरीत, बोटात चुरडला तर मातीसारखा लागणारा कण असेल तर तो शिकेकाईचा चोथा, न्हाताना नीट न निघालेला. हसू नका, आमच्याकडचा निम्मा कोंडा हाच निघाला.

चोथा आणि लिखा वगळून जे उरतं त्यात दोन प्रकार नेहमीचे. बारीक, कोरडे, पांढरे कण, खाज बेताची, हातापायांची कातडीही उललेली, थंडीत किंवा नवा शाम्पू आणल्यापासून सुरू झालेलं असेल, तर टाळू खरंच कोरडी आहे आणि आजीचं तेल तिथे उपयोगी पडेल. पण कण पिवळट, मेणचट, थोडे मोठे असतील, खाज भरपूर असेल आणि भुवया, नाकाच्या कडा, कानामागे अशा ठिकाणीही लालसर खवले दिसत असतील, तर तो तेलकट कोंडा. परत परत येणारा तो हाच.

याचं कारण टाळूवरच राहतं. मॅलसेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर असते, ती बाहेरून लागावी लागत नाही. तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही, म्हणून ती टाळूच्या तेलग्रंथींतून येणाऱ्या तेलावर जगते. त्यातल्या स्निग्ध आम्लांपैकी आपल्या कामाची ती खाते आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली मागे टाकते. ज्यांच्या कातडीला हे उरलेलं सोसत नाही त्यांना खाज सुटते आणि कातडीचे थर घाईघाईने सुटू लागतात. वयात येताना तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, म्हणून कोंडाही त्याच सुमाराला सुरू होतो. आमच्या लेकीचाही सहावीतच सुरू झाला होता. आता अशा टाळूवर रात्रभर खोबरेल किंवा तिळाचं तेल ठेवायचं म्हणजे पाहुण्याला जा म्हणायचं आणि पुढ्यात ताट वाढायचं. माका, आवळा, जास्वंद हे त्या तेलात चमचाभर, बाकी सगळं तेलच.

मला वाटलं होतं, हे सांगितलं की घरात "आयुर्वेदाला नावं ठेवते" असं होणार. म्हणून ग्रंथ काय म्हणतात ते शोधलं आणि ते फारच उपयोगी पडलं. सुश्रुताने ज्याला दारुणक म्हटलं तो हाच आजार: केशभूमी खाजते, रुक्ष होते, फुटते, आणि कारण सांगितलंय कफ आणि वाताचा प्रकोप. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून करा, असं आहे. तेवढी ओळ सगळ्यांना पाठ असते. लगेच पुढे अभ्यंग कुणी करू नये तेही दिलंय: कफग्रस्ताने, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. म्हणजे डोकं कसंही असो, तेल थापा, असं शास्त्र म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

मग आम्ही तपासून बघायचं ठरवलं. तीन आठवडे टाळूला तेलाचा थेंब नाही. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "सुतक आहे का घरात?" पण तीन आठवडेच म्हटल्यावर गप्प बसल्या. त्याच वेळी त्वचारोगतज्ज्ञांनी दोन टक्के कीटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. त्यांनी एक गोष्ट बजावली जी दुकानदार सांगत नाही: हा शाम्पू केसांना लावायचा नसतो, टाळूला लावायचा असतो, आणि पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. घड्याळ लावून पाच मिनिटं. आम्ही आधीही एकदा अशीच बाटली आणली होती आणि साध्या शाम्पूसारखी फेस काढून लगेच धुवून टाकली होती, म्हणून "काही उपयोग नाही" असा शेरा मारला होता.

दुसऱ्या आठवड्यात खाज गेली. चौथ्या आठवड्यात काळ्या कपड्यावर बघण्यासारखं काही राहिलं नाही. मग खरी परीक्षा, तेल परत कसं आणायचं? कारण केसांना तेल उपयोगी आहे, हेही खोटं नाही. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही. कंपनी तेलाची आहे हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण मुद्दा पटण्यासारखा आहे, आणि तो केसाबद्दल आहे, टाळूबद्दल नाही. आम्ही तिथेच रेघ मारली. तेल कानाच्या पातळीपासून खाली, न्हाण्याआधी तासभर. रात्रभर नाही. टाळूला नाही.

आता तेलाबद्दल. कोंडा नसलेल्यांनाही घरच्या तेलाचा त्रास होतो, आणि त्यात दोष बहुतेक वेळा वनस्पतीचा नसून पाकाचा, म्हणजे तेल शिजवण्याचा असतो. एका वर्षी आमच्या तेलाला महिनाभरात आंबूस वास यायला लागला आणि बाटलीच्या तळाशी पांढरट जाळी धरली. त्या वर्षी मी घाई केली होती. पाला वाटून तेलात घातला, फेस आला तसा गॅस बंद केला. तो पाण्याचा फेस होता.

शास्त्रातलं प्रमाण साधं आहे: एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. म्हणजे ५० ग्रॅम वाटण, २०० मिली तेल, ८०० मिली माक्याचा रस किंवा काढा. एवढा रस निघायला मोठी पिशवी भरून माका लागतो, म्हणून घरी सगळे नुसता पाला तेलात तळतात. तळलेल्या पाल्याचं तेल काळं होतं, गुणाचं होतंच असं नाही. प्रमाणात घातलेलं पाणी मंद आचेवर सावकाश आटायला हवं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याने तर तेल-तूप एका दिवसात पुरं करू नका असंच सांगितलंय. पहिल्या दिवशी निम्मं आटवायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुरं करायचं.

तेल झालं की नाही हे तीन खुणांनी कळतं. तळाचा कल्क बोटांत वळला तर त्याची वात व्हायला हवी, बोटाला चिकटायला नको. त्या वातीचा तुकडा ज्योतीवर धरला तर तडतड आवाज येता कामा नये. तडतडला म्हणजे आत पाणी आहे. आणि शेवटी तेलावर बारीक फेस उठतो. (तुपाचं उलट, तिथे फेस मोडला की तूप झालं.) या फेसाची वाट बघताना सुरुवातीच्या उकळीच्या फेसाला फसायचं नाही, तडतड थांबल्यानंतरचा फेस खरा. कल्क कडक होऊन काळा पडायला लागला तर तेल जळलं, ते डोक्याला नको. गॅस बंद केला तरी जाड बुडाच्या कढईत पाक चालूच राहतो, म्हणून जरा आधी उतरवा, कोमट असताना पंच्यातून गाळा आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. ओला चमचा बाटलीत गेला की संपलं. आणि एकदम लिटरभर कशाला करायचं? दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच करा. खवट तेलाचा वास "औषधी वास" म्हणून खपवून घेऊ नका.

माका तोच आहे ना, हेही बघून घ्या. खरा माका पावसाळ्यात बांधावर, गटाराकाठी, ओलसर जागी आपोआप येतो. फुलं छोटी, पांढरी. देठ चुरगळला की हिरवा रस थोड्या वेळात काळपट होतो आणि बोटं काळी पडतात. सोसायटीच्या बागेत पसरलेली पिवळ्या फुलांची, जाडसर पानांची वेल शोभेची आहे, तिला कुणी माका म्हटलं तरी तेलात घालू नका. आणि गटाराकाठचा असेल तर धुवून, पंख्याखाली पाणी सुकवूनच घ्या. जास्वंदीची फुलं कच्ची तेलात बुडवून उन्हात ठेवायची हौस असते, पण त्यांना बुळबुळीत चिकट रस असतो, त्याने तेल लवकर नासतं. शिवाय फुलाचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. बाजारातलं लालभडक तेल बहुधा रतनजोताने रंगवलेलं असतं.

न्हाण्याकडे येते. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरा, मेथी, सगळं दळून आणलेली पूड थेट डोक्यावर चोळू नका. गिरणीत कितीही बारीक दळली तरी तिचे कण टोकदार राहतात, खाजवून आधीच सोललेल्या टाळूला ते ओरखडतात आणि केसांत अडकून चार दिवस खाली पडत राहतात. पाच-सहा शेंगा, दोन रिठे बिया काढून, चिमूटभर आवळकाठी रात्री भिजत घाला, सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करा आणि मलमलच्या कपड्यातून गाळा. फक्त पाणी वापरा. ते फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, पुढे आंबतं. डोळे मिटून घ्या, रिठ्याची आग कुणाला सांगायला नको. शिकेकाईचा मळ काढायचा जोर बेताचा असतो. डोकं तेलाने निथळत असेल तर एकदा धुवून तेल निघत नाही, मुळाशी राहतं, आणि मग बुधवारची खाज ठरलेली.

त्या मिश्रणात बावची असेल तर ती काढून टाका. आपल्याकडे बऱ्याच घरांत घालतात, वास चांगला येतो म्हणून. बावचीत सोरालेन असतं; ते कातडीवर राहिलं आणि ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात. लिंबाच्या रसाचंही तेच. कोंड्यावर लिंबू चोळून गच्चीत केस वाळवत बसलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात.

गीझरच्या कढत पाण्याने डोकं धुणं ही आमची आणखी एक चूक. वाग्भटाच्या त्याच अध्यायात लिहिलंय, गरम पाणी मानेखाली बळ देतं आणि डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ नेतं. कोमट पुरे. पावसाळ्यात ओले केस तसेच बांधून लोकल किंवा एसटी पकडणाऱ्यांनी, आणि ओल्या डोक्यावर हेल्मेट घालणाऱ्यांनी, आधी ती सवय बघावी, तेल नंतर.

काही गोष्टी घरी करूच नयेत. दारुणकावर जुन्या ग्रंथांत गुंजेचं तेल सांगितलंय म्हणून कुणी गुंजा कुटायला बसू नका. त्या बीत अब्रिन नावाचं जीवघेणं विष असतं आणि घरात पोरं असतात. चाईच्या चट्ट्यावर बिब्बा घासल्याने फोड येतात, कधी कायमचा व्रण राहतो. कोरफड चालते, पण पान कापून उभं ठेवा आणि त्यातला पिवळा चीक आधी निथळू द्या, खाज त्या चिकाचीच असते. कापूर घातलेल्या तेलाने गार वाटतं, पण जखमेवर आणि तान्ह्या बाळाजवळ नको. "हर्बल काळी मेंदी" लावल्यानंतर दोन दिवसांनी कपाळ, कानाच्या पाळ्या सुजल्या तर तो कोंडा नव्हे. त्यात पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं, त्याची ती ॲलर्जी. साध्या मेंदीने केस काळे होत नाहीत, नारिंगी-तांबूस होतात, एवढं आठवलं तरी पुरे.

केस गळण्याबद्दल फार लिहीत नाही. डेंग्यू, मोठा ताप, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि बहुतेकांचे पुढच्या सहा महिन्यांत आपोआप थांबतात. थांबतात त्या वेळी जे तेल चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस मुळाशी तुटलेले दिसले तर त्याच आठवड्यात. तो डोक्यातला नायटा, त्याला पोटातून गोळ्या लागतात, मलम किंवा तेल पोचत नाही. जाड, चंदेरी पापुद्रे केसांची सीमा ओलांडून कपाळावर आले असतील, कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर सोरायसिस असू शकतो. पू, दुखणारी सूज, ताप असेल तर थांबू नका. आणि औषधी शाम्पू सांगितल्याप्रमाणे महिनाभर वापरूनही फरक नसेल तर. वैद्यांकडे गेलात तरी चालेल, फक्त डोकं न बघता तेलाची बाटली हातात देणाऱ्याकडे नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे निराशा होणार नाही. तेलकट कोंडा कायमचा जात नाही, ताब्यात राहतो. ती बुरशी टाळूवर राहणारच. आमच्याकडे आता दोन आठवड्यांतून एकदा औषधी शाम्पू, एरवी गाळलेलं शिकेकाईचं पाणी, आणि केसांच्या टोकांना माक्याचं तेल, असं चालतं. परत आला तर मी आधी विचारते: शाम्पूची पाळी चुकली का, केस ओले बांधले का, परीक्षेचा ताण आहे का (त्याने वाढतो, आमच्याकडे दर सहामाहीला), टाळूला तेल गेलं का.

गेल्या जानेवारीत पुन्हा खाज सुरू झाली. शाम्पूची पाळी चुकली नव्हती, परीक्षाही नव्हती. मी सगळं तपासलं आणि शेवटी मुलीच्या उशीचा अभ्रा नाकाशी धरला. माक्याचा वास.

"आई, हिच्या डोक्याला तेल कुणी लावलं?"

"थेंबभरच गं," सासूबाई म्हणाल्या. "थंडी किती पडलीय बघ की."